शब्दशंका : कोणता 'राइट' राइट?

प्रश्न : नाटककाराला इंग्रजीत 'प्लेराइट' म्हणतात. मग स्पेलिंग लिहिण्याच्या 'राइट'चं का नाही?

कारण त्या शब्दात लेखन नाहीच, कारागिरी आहे. डब्ल्यू-आर-आय-जी-एच-टी असा 'राइट' म्हणजे घडवणारा. तो 'वर्क'च्या घराण्यातला; 'रॉट आयर्न'मधला 'रॉट' हे त्याच 'वर्क'चं जुनं भूतकाळी रूप. सुटा 'राइट' या अर्थाने आता कोणी वापरत नाही. पण चाकं करणारा व्हीलराइट, जहाजं बांधणारा शिपराइट आणि कार्टराइट हे आडनाव (मूळचे गाडे घडवणारे) यांत तो शिल्लक आहे. गंमत म्हणजे त्याच कामाला 'प्लेरायटिंग' म्हणताना लिहिण्याचं स्पेलिंग रूढ झालंय, त्यामुळे घोळ वाढतो.

'कॉपीराइट'चा शेवट आर-आय-जी-एच-टी, म्हणजे हक्क. म्हणून पुस्तक 'कॉपीरायटेड' असतं. 'कॉपीरिटन' ही चूक. जाहिरातीचा मजकूर लिहिणारा कॉपीरायटर मात्र खरोखर लिहितो, त्याला डब्ल्यू हवाच.

प्रश्न : टेनिसमध्ये पंच 'लेट' म्हणतात तो 'नेट'चा अपभ्रंश का?

नाही. सर्व्हिस जाळीला घासून योग्य चौकोनात पडली तरच 'लेट', आणि ती पुन्हा करायची. बाहेर पडली तर फॉल्ट. हा एल-ई-टी म्हणजे अडथळा. जुन्या इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदं होती : एक 'होऊ देणे', दुसरं 'अडवणे'. दुसऱ्याचा मूळ अर्थ उशीर करायला लावणे. आपण गाडी 'लेट' आहे म्हणतो तो शब्द त्याचाच नातेवाईक. कालांतराने दोघांचा उच्चार आणि स्पेलिंग एक झालं, अर्थ मात्र एकमेकांच्या नेमके उलट! अडवणारा मागे पडला. 1611च्या इंग्रजी बायबलमध्ये तो भेटतो, तिथे आजचा अर्थ लावला की वाक्य उलटं होतं. ब्रिटिश पासपोर्टवरच्या 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स'मध्येही तोच आहे : विनाअडथळा.

प्रश्न : 'डिस्क्रीट'ची दोन स्पेलिंगं कशी लक्षात ठेवायची?

ज्यात टी दोन ई वेगळे करतो, तो 'सुटा, वेगळा'. ई शेजारी असले की 'तारतम्य असलेला, बोभाटा न करणारा'. स्पेलचेक इथे कामाचा नाही, दोन्ही शब्द खरेच आहेत. आणखी एक खोच : 'डिस्क्रिशन' दिसतं पहिल्यासारखं, पण अर्थाने ते दुसऱ्याचं नाम आहे.