विहिरीतील नायट्रेट कोणाचे?

तुमचे पत्र मिळाले. गावातील विहिरीच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे 45 मिलिग्रॅमच्या मर्यादेहून अधिक निघाले. ते रासायनिक खताचे की संडासाच्या शोषखड्ड्यांचे हे समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या हलक्या व जड अणूंच्या प्रमाणावरून) ठरवता येते का, आणि भूविज्ञानाच्या पदवीनंतर या कामात करिअर होऊ शकते का, असे तुम्ही विचारले आहे.

ठरवता येते, परंतु नेहमीच निर्विवादपणे नव्हे. युरियातील नायट्रोजन कारखान्यात हवेतूनच घेतलेला असल्यामुळे त्यातील नायट्रोजन-15 चे, म्हणजे जड नायट्रोजनचे, प्रमाण हवेच्या जवळपास असते; हवेशी तुलना करता फरक दर हजारी शून्याच्या आसपास असतो. शेणामुतातील व सांडपाण्यातील हलका नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने उडून जातो आणि जड मागे राहतो, म्हणून तेथील नायट्रेटमध्ये हा फरक बहुधा दर हजारी 10 ते 20 इतका चढतो. अडचण अशी की, ऑक्सिजन कमी असलेल्या भूजलात जिवाणू नायट्रेटचे विघटन करतात, तेव्हाही उरलेले नायट्रेट जड होत जाते आणि खताचे पाणी सांडपाण्यासारखे भासू लागते. म्हणूनच त्याच नायट्रेटमधील ऑक्सिजन-18, म्हणजे जड ऑक्सिजन, सोबत मोजावा लागतो. उकिरडा आणि संडास यांतील फरक तर या दोन्हींवरूनही सहसा उमगत नाही. त्यासाठी बोरॉनच्या समस्थानिकांची मदत घेतात.

हे सविस्तर लिहिले, कारण तुमच्या पत्रात मास स्पेक्ट्रोमीटरचे, म्हणजे समस्थानिक मोजणाऱ्या यंत्राचे, आकर्षण अधिक दिसते. ते यंत्र काही महिन्यांत शिकता येते. बेसॉल्टच्या, म्हणजे काळ्या पाषाणाच्या, भेगांतून पाणी कोठून कोठे जाते याची समज मात्र शिवारात हिंडूनच येते, आणि ती नसेल तर आलेल्या आकड्यांचा अर्थ लावता येत नाही.

एम.एस्सी.साठी जॅम (आयआयटींची प्रवेश परीक्षा) द्या आणि जलभूविज्ञानाबरोबर (भूजलाच्या शास्त्राबरोबर) रसायनशास्त्रही पक्के करा. पुढे केंद्रीय भूजल मंडळातील पदांसाठी केंद्रीय लोकसेवा आयोगाची भूवैज्ञानिक परीक्षा आहे. संशोधनासाठी रुरकीची राष्ट्रीय जलविज्ञान संस्था, मुंबईचे भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा येथे समस्थानिकांवर काम चालते. खासगी क्षेत्रात केवळ याच कौशल्यावर नोकरी मिळेल, असे मी सांगणार नाही.

तूर्तास गावातील दहा-बारा विहिरींचा नकाशा करा, त्यांची पाणीपातळी पावसाळ्याआधी व नंतर मोजा, आणि प्रत्येकीपासून जवळचा शोषखड्डा किती अंतरावर व उताराच्या कोणत्या बाजूस आहे याची नोंद ठेवा. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मार्गदर्शकाकडे जाताना ही वही सोबत न्या.