कडवळीला, म्हणजे चाऱ्यासाठी पेरलेल्या ज्वारीला, युरिया कधी द्यावा, म्हणजे चारा भरपूर आणि सकसही मिळेल?

एकदम देऊ नका: निम्मे नत्र (युरियातून मिळणारा नायट्रोजन) पेरताना, निम्मे साधारण 30 दिवसांनी, खुरपणी उरकल्यावर वापश्यावर (जमीन ओलसर पण चिखल नसताना) द्या. पहिले तीनेक आठवडे ज्वारी मुळे धरत असते, तिची नत्राची भूक कमीच. तेव्हा दिलेला जादा युरिया पावसाने किंवा पाटपाण्याने निचरून जातो. महिन्यानंतर कांड्या सुटतात, पाने रुंदावतात. त्या वेळी मिळालेले नत्र पाल्यात उतरते, आणि प्रथिने पाल्यातच जास्त असतात. युरिया मातीत मिसळा किंवा लगेच हलके पाणी द्या. ओलसर जमिनीवर उघडा पडला की त्यातले नत्र अमोनिया होऊन उडते. बहुकापणीचा वाण असेल तर प्रत्येक कापणीनंतर, नवे फुटवे येताना, एक हप्ता द्या.

सांभाळायचे ते पावसाच्या ताणात. पीक सुकत असताना किंवा कापणी जवळ आल्यावर युरिया टाकला तर धाटाच्या बुडख्यात नायट्रेट साठते, कोवळ्या पाल्यात हायड्रोसायनिक आम्ल हे विषही वाढते, आणि जनावराला विषबाधा होऊन ते दगावू शकते. वाळवल्याने आम्ल बरेच उतरते, नायट्रेट मात्र तसेच राहते. म्हणून ताणात हप्ता चुकला तर चुकू द्या. कापणी निम्मे पीक फुलोऱ्यात आल्यावरच करा. एकूण मात्रा माती परीक्षणावरून ठरवा. शेणखत भरपूर पडले असेल तर ती कमीच लागते.