कॉलेज की प्रो? त्याआधी पावत्यांची पिशवी काढा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. मुलगा सतरा वर्षांचा, टेनिस खेळतो, शाळेचं शेवटचं वर्ष, कॅलमझूला (अमेरिकेची राष्ट्रीय ज्युनियर स्पर्धा) अठरा वर्षांखालच्या गटात तीन फेऱ्या काढल्या, दोन विद्यापीठांकडून विचारणा आलीय. आणि आता तो म्हणतोय की अमेरिकी प्रो खेळाडू लर्नर टिएनने एका सत्रात कॉलेज सोडलं, मग मी जाऊच कशाला? तुमचा प्रश्न एवढाच आहे. पण जाता जाता तुम्ही लिहिलंय, "यंदा बक्षिसांचे अकरा-बारा हजार डॉलर झाले, तेवढाच प्रवासाला हातभार." मी अडकले ती या वाक्यापाशी. त्यामुळे उत्तर थोडं उलट्या बाजूने जाणार आहे, आणि लांबणार आहे.

आधीच सांगते, मी वकील नाही, कोचही नाही. एनसीएएचे (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची नियामक संस्था) नियम सध्या दर वर्षी हलतायत. मी लिहितेय तो नियम आमच्या वेळचा, म्हणजे आमचं पोर कॉलेजात गेलं तेव्हाचा. तुम्ही अर्ज कराल त्या दिवशीचा मजकूर स्वतः उघडून वाचा. आयपिन (स्पर्धांचा नोंदणी क्रमांक), यूटीआर (खेळाडूचं रेटिंग), ड्रॉ कसा पडतो वगैरे तुम्हाला माहीत असणारच, ते गाळते.

टिएनबद्दल थोडक्यात. मुलं "एका सत्रात सोडलं" एवढंच लक्षात ठेवतात. क्रम बघा. २०२२ मध्ये सोळाव्या वर्षी तो कॅलमझू जिंकला. त्या विजेत्याला यूएस ओपनच्या मुख्य ड्रॉचं वाइल्ड कार्ड (पात्रता फेरीविना थेट प्रवेश) मिळतं, म्हणजे तो पहिला ग्रँड स्लॅम खेळला तो कॉलेजच्या आधी. २०२३ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपन ज्युनियरची अंतिम फेरी, मग यूएससीकडून (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) एक सत्र. ऑगस्टमध्ये पुन्हा कॅलमझूचं विजेतेपद, सप्टेंबरात यूएस ओपन ज्युनियरची अंतिम फेरी. म्हणजे कॉलेज सोडलं त्या वर्षी त्याच्या हातात आपल्या वयोगटातलं जवळजवळ सगळं होतं. एवढं असूनही २०२४ ची सुरुवात बरगडीच्या दुखापतीत गेली. मग फ्यूचर्स आणि चॅलेंजर (प्रो टेनिसच्या खालच्या दोन पायऱ्या) मिळून सलग २८ सामने जिंकला तेव्हा कुठे गाडी वर आली. २०२५ च्या ऑस्ट्रेलियन ओपनला तो पात्रता फेरीतून आला आणि पहाटे तीनच्या सुमारास मेदवेदेवला पाचव्या सेटच्या टायब्रेकमध्ये हरवलं. मायकल चँग कोच म्हणून आले, मेत्झचं पहिलं एटीपी (पुरुषांचा मुख्य प्रो दौरा) विजेतेपद हे सगळं त्यानंतरचं. तुमच्या मुलाला ही यादी तारखांसकट दाखवा, आणि प्रत्येक टप्प्यावर "त्या वेळी तो कितवीत होता" हे विचारा. वाद घालावा लागत नाही.

दुसरी वाट बेन शेल्टनची. फ्लोरिडा विद्यापीठ, २०२१ चं सांघिक विजेतेपद, २०२२ चं एनसीएए एकेरी. त्या उन्हाळ्यात सिनसिनाटीला कॅस्पर रूडला हरवलं आणि मग प्रो झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात शार्लट्सव्हिल, नॉक्सव्हिल, शँपेन हे तिन्ही चॅलेंजर लागोपाठ जिंकून वर्ष पहिल्या शंभरात संपवलं. तिन्ही इनडोअर हार्ड कोर्ट, तिन्ही विद्यापीठांच्या गावात. कॉलेजच्या पोरांना ते घरच्यासारखं पडतं. तिसरा निशेष बसवारेड्डी, आपल्यासारख्याच घरातला, इंडियानात वाढलेला. स्टॅनफर्डला दोन मोसम खेळला, चॅलेंजरचे गुण साठवले, २०२४ च्या डिसेंबरात प्रो झाला आणि महिन्याभरात मेलबर्नला जोकोविचसमोर उभा होता. सांघिक सामन्यांचा मोसम जानेवारी ते मे असतो. उन्हाळा आणि शरद ऋतूचा बराचसा भाग प्रो स्पर्धांना मोकळा राहतो. शिवाय आयटीएच्या (कॉलेज टेनिसची संघटना) क्रमवारीत पहिल्या विसात आलेल्यांना चॅलेंजरच्या मुख्य ड्रॉमध्ये किंवा पात्रता फेरीत जागा देणारी योजना एटीपीने २०२३ पासून सुरू केली. कॉलेज म्हणजे प्रो करिअरला सोडचिठ्ठी, हा समज वीस वर्षांपूर्वीचा आहे.

माझं मत स्पष्ट आहे: टॉप ज्युनियर नसलेल्या मुलाने कॉलेजला जावं. पण तो पर्याय उरला पाहिजे ना! तुमच्या अकरा-बारा हजारांकडे येते.

आमच्या वेळी टेनिससाठी नियम असा होता. कॉलेजात नाव दाखल होण्याआधी एका कॅलेंडर वर्षात १०,००० डॉलरपर्यंत बक्षीस बिनबोभाट घेता येई. त्यापुढे प्रत्येक स्पर्धेचा हिशेब वेगळा, आणि त्या स्पर्धेपुरता झालेला प्रत्यक्ष, आवश्यक खर्च भागेल इतकंच घ्यायचं. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पुढचं वाक्य कोणी वाचत नाही: खर्च फक्त खेळाडूचा. कोचची फी नाही, कोचचं तिकीट नाही, आईवडिलांचा खर्च नाही.

समजा, दहा हजारांची मर्यादा संपलीय आणि पोरगा एक एम१५ (फ्यूचर्समधली सगळ्यात खालची पायरी) जिंकला. एकेरीच्या विजेत्याला २,१६० डॉलर. त्याचा खर्च: प्रवेश फी ४०, विमान ३८०, सात रात्री ९५ च्या खोलीचे ६६५ पण खोलीत बाबाही म्हणून निम्मे ३३३, जेवण रोज ४५ प्रमाणे ३१५, आठ रॅकेट स्ट्रिंग करायला प्रत्येकी २२ म्हणजे १७६. बेरीज १,२४४. आता घरचा हिशेब बघा: बाबांचं तिकीट ३८०, खोलीचा उरलेला अर्धा भाग ३३२, त्यांचं जेवण ३१५, कोचला आठवड्याचे ९००. पोराचे १,२४४ धरून एकूण ३,१७१. घरी आपण म्हणतो, स्पर्धा जिंकूनही हजार डॉलर खिशातून गेले. नियमाच्या वहीत मात्र पोराने ९१६ डॉलर जास्त घेतलेले असतात. दोघांची बेरीज बरोबर, फक्त वह्या वेगळ्या.

दुसरा सापळा यालाच जोडून. "प्रत्येक स्पर्धेचा" म्हणजे खरोखर प्रत्येक स्पर्धेचा. पुढच्या आठवड्यात पहिल्याच फेरीत हरला, १५६ डॉलर मिळाले आणि खर्च अकराशे झाला, तर तो तोटा आधीच्या ९१६ मधून वजा होत नाही. आपण मराठी माणसं वर्षाचा ताळेबंद मांडतो, इथे तो चालत नाही. दुहेरीचे पैसे धरायचे. क्लबच्या ओपन स्पर्धेचे, कोणी पाकिटात घालून दिलेलेसुद्धा धरायचे. डिसेंबरात खेळलेल्या आणि जानेवारीत जमा झालेल्या रकमेचं वर्ष कोणतं, हे ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवायचं.

आमच्या घरात चुकलं ते नेमकं हेच, खोली आणि कोच. आणि चूक दुरुस्त करायची वेळ हातात असताना एका विद्यापीठाच्या कंप्लायन्स ऑफिसने (खेळाडू नियम पाळतात का ते बघणारं खातं) फोनवर सांगितलं, "कुटुंबाचा खर्च धरा, सगळे धरतात." नाव लिहीत नाही, विचारूही नका. चार महिन्यांनी तिथे माणूस बदलला, नवीन माणसाने फाइल उघडली आणि आधीच्या फोनची कुठे नोंदच नव्हती. जादा रक्कम धर्मादाय संस्थेला द्यायची, वर काही सामने बाकावर. रकमेचं काही वाटलं नाही हो. पण नव्या मुलाला संघात पहिल्या दोन महिन्यांत जी जागा मिळते ती मिळते, नंतर चौथ्या नंबरावरच्या पोराला कोण हलवतं? त्या ऑफिसचं काय गेलं? काही नाही. म्हणून मी प्रत्येकाला कानीकपाळी ओरडून सांगते: फोनवर काहीही विचारा, पण फोन ठेवल्यावर दहा मिनिटांत ईमेल टाका, "आत्ता आपलं असं बोलणं झालं, चूक असल्यास कळवा." उत्तर नाही आलं तरी तारीख तुमच्याकडे राहते.

आता तुम्ही म्हणाल, नियम बदलतोय ना. हो. रीस ब्रँटमायर या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या खेळाडूने २०२१ च्या यूएस ओपनची बहुतेक कमाई सोडावी लागल्यावर मार्च २०२४ मध्ये एनसीएएवर खटला भरला. या नियमाचा पाया हलला तो तेव्हापासून. म्हणूनच सांगते, बदललेल्या नियमावर विसंबून जुन्या वर्षाच्या पावत्या फेकू नका. एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरच्या (खेळाडूची पात्रता तपासणारं कार्यालय) फॉर्मवर सगळ्या स्पर्धा आणि बक्षिसं लिहावी लागतात, आणि येत्या शरदात दाखल होणाऱ्यांसाठी अंतिम प्रमाणपत्राची विनंती १ एप्रिलपासून टाकता येते. त्या दिवशी तुमच्याकडे वही तयार हवी.

वही कशी? एक्सेल चालेल. एका स्पर्धेला एक ओळ: तारखा, गाव, दर्जा, एकेरीचं बक्षीस, दुहेरीचं बक्षीस, पैसे कधी आणि कसे आले, मग खर्चाचे रकाने. पावतीचा फोटो त्याच संध्याकाळी काढायचा, थर्मल कागदावरची शाई सहा महिन्यांत उडते. हॉटेलच्या बिलावर दोन्ही नावं घालून घ्या. पोराचं तिकीट वहिनींच्या तिकिटाबरोबर एकाच बुकिंगमध्ये काढू नका, नंतर भाडं वेगळं करताना नाकी नऊ येतात. स्ट्रिंगिंग रोखीने केलंत तर स्ट्रिंगरकडून चिठ्ठी घ्या, तेही देतात, फक्त मागावी लागते.

याच वहीचा करासाठीही उपयोग होतो, पण आकडे तसेच्या तसे उचलू नका. आयआरएसच्या (अमेरिकेचं कर खातं) लेखी बक्षीस हे पोराचं स्वतःच्या धंद्याचं उत्पन्न. ते शेड्यूल सी या फॉर्मवर दाखवायचं, आणि निव्वळ ४०० डॉलर किंवा जास्त झालं की १५.३ टक्के स्वयंरोजगार कर. फॉर्म घरी आला नाही म्हणून उत्पन्न झालं नाही असं होत नाही. तिथे कोचची फी धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येते, एनसीएएच्या त्या हिशेबात नाही. हे सीएला नीट समजावून सांगा, कारण खेळाडूंचे कर भरणारा सीए प्रत्येक गावात नसतो.

"एक वर्ष फ्यूचर्स खेळून बघतो, नाहीतर मग कॉलेज" हा बेत तुमच्या मुलाने मांडला असेलच. आमच्या वेळी टेनिसला शाळा संपल्यावर सहा महिन्यांची सवलत होती. त्यानंतरही कॉलेजबाहेर स्पर्धा खेळत राहिला तर एक मोसम कापला जाई आणि पहिलं वर्ष नुसतं बसून काढावं लागे. म्हणजे ते वर्ष फुकट मिळत नव्हतं. विद्यापीठाला हाच प्रश्न तारखा घालून विचारा: जूनमध्ये शाळा संपली, पुढच्या ऑगस्टला आला, मधे इतक्या स्पर्धा खेळला, तर किती मोसम शिल्लक?

शिवाय त्या वर्षात मिळतं काय ते बघा. एम१५ जिंकला तर १५ गुण, शेवटच्या सोळात हरला तर १, आणि ५२ आठवड्यांनी ते गळतात. स्लॅमच्या मुख्य ड्रॉमध्ये क्रमवारीवर १०४ जण जातात, पात्रता फेरीसाठी साधारण अडीचशेच्या आत असावं लागतं. एटीपीने २०२४ पासून किमान उत्पन्नाची हमी दिली, तीही २५० पर्यंतच: त्या वर्षी १७६ ते २५० ला ७५,००० डॉलर. त्याखाली सगळा भार घरावर. आणि मोठं घबाड एकदम येतं. २०२५ च्या यूएस ओपनला पात्रतेच्या पहिल्या फेरीत हरणाऱ्यालाही २७,५०० डॉलर होते. कॉलेजचा विचार असलेल्या मुलाला असं वाइल्ड कार्ड मिळालं, तर पैसे खात्यात यायच्या आधी कंप्लायन्सशी बोला. आल्यावर नाही.

थोडं अवांतर. आयटीएफ फ्यूचर्सची प्रवेशाची मुदत स्पर्धेच्या सोमवारच्या १८ दिवस आधीचा गुरुवार, १४:०० जीएमटी. माघारीची १३ दिवस आधीचा मंगळवार, तीच वेळ. न्यू जर्सीत उन्हाळ्यात ते सकाळचे दहा, हिवाळ्यात नऊ. नोव्हेंबरात घड्याळ मागे गेल्यावर पहिल्या गुरुवारी निम्मे पालक चुकतात. पोर त्या वेळी वर्गात असतं, तेव्हा अलार्म तुमच्या फोनवर लावा.

आणि विद्यापीठांकडून आलेली "विचारणा" म्हणजे नेमकं काय, तेही विचारा. कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्यावरून एनसीएएवर झालेल्या हाउस खटल्याच्या तडजोडीत सामील झालेल्या विद्यापीठांत २०२५-२६ पासून टेनिस संघ १० जणांचाच. त्या दहात युरोपातून आलेली विशीची पोरं असतात. स्कॉलरशिप किती टक्के, किती वर्षांसाठी आणि संघात जागा धरून आहे का, हे तिन्ही लेखी हवं. "आम्हाला तो फार आवडला" हे वाक्य कोच सगळ्यांना म्हणतात.

एजंटचा फोन आला असेल तर खेळण्याबाबत कशावरही सही करू नका, एवढं पुरे.

आता असं करा: १ जानेवारीपासूनची यादी स्पर्धावार लिहून काढा आणि त्या अकरा-बारा हजारांत दुहेरी धरली आहे का, दहा हजार नेमके कोणत्या आठवड्यात ओलांडले, हे इथेच कळवा. नावं आणि गावं टाकू नका, नुसते आकडे पुरतील. त्यानंतरच्या स्पर्धा दोन-तीनच असतील तर निस्तरण्याजोगं आहे. फक्त बाबांच्या खोलीचा अर्धा भाग आधी वेगळा काढा.