नागपुरात राहून प्लॅस्टिक आणि कार्बन, दोन्ही कसं कमी करायचं?

तुम्ही विचारलंय की बांबूचा टूथब्रश आणि स्टीलची बाटली घेऊन झाली, आता घरच्या घरी रोज आणखी काय करता येईल. माझ्या मते प्लॅस्टिक आणि कार्बन हे दोन वेगळे हिशेब आहेत, आणि पन्नीच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशवीच्या, मागे लागून आपण लाइटचं बिल विसरतो.

आपल्याकडे वीज म्हणजे मुख्यतः कोळसा. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची धुराडी सगळ्यांनी बघितलेली आहेत. देशाची सरासरी धरली तर एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. दीड टनाचा एसी रात्रभर चालला की आठेक युनिट सहज जातात, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास. साधा कूलर तेवढ्याच वेळात दीड-दोन युनिटांत भागवतो. आणि पाच ग्रॅमची पन्नी जाळली तर पंधराएक ग्रॅम! म्हणून सुरुवात कूलरपासून करा.

"आमचा कूलर थंडच करत नाही" म्हणणाऱ्यांची खोली बहुतेक वेळा बंद असते. कूलर खिडकीच्या बाहेरून लावा आणि समोरचं दार किंवा खिडकी वीतभर उघडी ठेवा, नाहीतर ओल आतच कोंडते. वाळ्याच्या ताट्या दर उन्हाळ्यात बदला. आरओचं वाया जाणारं पाणी टाकीत ओतू नका. क्षार ताटीवर बसतात आणि हवा अडते. ते पाणी फरशीला वापरा. वरच्या मजल्यावर राहत असाल तर मार्चमध्येच स्लॅबला चुना मारून घ्या. मृगानंतर हवा दमट झाली की कूलरचं काही चालत नाही. तेव्हा एसी लावा, पण २६ वर, पंख्यासोबत.

आता पन्नी. राज्यात २०१८ पासून बंदी, १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकायच्या बऱ्याच वस्तूंवर देशभर बंदी. तरी बाजारात सांबार (कोथिंबीर) एका पन्नीत, मिरच्या दुसरीत आणि दोन्ही मिळून तिसरीत येतातच. नुसती मोठी थैली नेऊन भागत नाही. जुन्या ओढणीच्या चार-पाच लहान पिशव्या शिवून त्या थैलीतच ठेवा, आणि भाजीवाल्याचा हात पन्नीकडे जायच्या आत "दादा, पारडं यातच टाका" म्हणा. दही, मटण यांना डबा. रिकाम्या डब्याचं वजन आधी करून घ्या. नवीन कापडी पिशव्या मात्र विकत घेत बसू नका, कापूस पिकवायला काय लागतं हे विदर्भात वेगळं सांगायला नको. टपरीवर काचेचा ग्लास मागा, कागदी कपालाही आतून प्लॅस्टिकचा थर असतो.

घरात कोणी खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खात असेल तर त्याची पन्नी थेट नालीत जाते. तिथे कोणतीही थैली कामाची नाही, खर्राच सोडावा लागेल.

ओला कचरा भांडेवाडीच्या कचरा डेपोतल्या ढिगात दबला की हवेविना कुजून मिथेन सोडतो. त्याचं घरीच खत करायला बाल्कनीत भोकं पाडलेली बादली पुरते: भाजीचे देठ, वर वाळलेली पानं, असे थर. संत्र्याची सालं बारीक चिरून टाका. वास आला तर पानं वाढवा. एप्रिल-मेमध्ये उलट होतं, सगळं कोरडं ठणठणीत पडतं. तेव्हा रोज संध्याकाळी पाण्याचा हबका मारा.