बेडकाच्या अंगावरचे कलम

प्रश्न असा आहे: 'थायमस ग्रंथी काढलेला बेडूक त्वचेचे प्रत्यारोपण नाकारत नाही' हे अनुवादातले वाक्य चालेल का?

नाही चालणार. थायमस राहू द्या, पण 'प्रत्यारोपण' आधी काढा. 'मूत्रपिंड प्रत्यारोपण' रोज वाचून डोके उठते. प्रत्यारोप विधानसभेत होतात, शस्त्रक्रियागृहात नव्हे. शब्द आहे 'प्रतिरोपण', आणि तो रघुवंशाच्या चौथ्या सर्गात आहे. रघूने वंग राजांना उखडले आणि पुन्हा त्यांच्या जागी बसवले, तेव्हा ते भाताच्या रोपांसारखे फळले, असे कालिदास म्हणतो: 'उत्खातप्रतिरोपिताः'. आधी उपटले, मग पुन्हा रोवले. ज्याने आषाढात भाताची लावणी केली आहे त्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. आणि त्या श्लोकातल्या भाताचे नाव काय? 'कलम'!

पण त्वचेच्या तुकड्याला आपण कलम म्हणतो ते या भातावरून नव्हे. तसे ठासून सांगणाऱ्यांनी अमरकोश उघडावा. तिथेही 'कलम' साळींतच मोजला आहे. आपले कलम ग्रीक 'कालामोस', म्हणजे बोरू, इथून अरबी-फारसीच्या वाटेने आले. कायद्याचे कलम सोडून देतो, मला आंब्याचे हवे आहे. पाचर कलमाची काडी तासून पाहा, हुबेहूब बोरूचे टोक. इंग्रजी 'ग्राफ्ट'ही ग्रीक 'ग्राफेइऑन'वरून, म्हणजे लिहिण्याच्या टोच्यावरूनच आला. शब्द दोन, वाटा दोन, पण दोन्हीकडच्या माळ्यांना तासलेल्या काडीत लेखणीच दिसली! हे कळल्यावरही 'कलम फक्त झाडांचे' असा दंडक घालणारे परिभाषाकार मला समजत नाहीत. अख्खा अवयव रक्तवाहिन्या जोडून बसवला तर प्रतिरोपण, कातडीचा तुकडा लावला तर कलम. इतका स्वच्छ भेद हाताशी असताना तो पुसायचा कशाला?

आता क्रियापद. बागेत म्हणतात तसे 'कलम लागले नाही' हे इथे चूक, कारण बेडकाच्या अंगावर ते आधी लागतेच. झेनोपस या आफ्रिकी बेडकावर परक्या बेडकाची त्वचा लावली की ती सांधते, तिच्यात रक्त खेळू लागते. मग रंगपेशी मरू लागतात, आणि साधारण तीन आठवड्यांत तुकडा नष्ट होतो. हे काम थायमसमध्ये तयार झालेल्या टी-पेशींचे, म्हणजे परके ओळखून मारणाऱ्या पेशींचे. म्हणून 'झिडकारणे'. नाकारायचे ते दारातच नाकारतात. झिडकारायला आधी जवळ आलेले असावे लागते.

वाक्यात आणखी एक शब्द घालायचा राहिला आहे. ग्रंथी भैकेराच्या, म्हणजे बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लाच्या, पहिल्या आठवड्याभरात, डोळ्यांमागच्या त्या दोन बारीक ठिपक्यांवर तापलेली सुई टेकवून नष्ट केली, तर परके कलम कित्येकदा महिनोन्‌महिने टिकते. पूर्ण वाढलेल्या बेडकाची काढून उपयोग नाही, तोवर टी-पेशी अंगभर पसरलेल्या असतात. तेव्हा असे लिहा: 'भैकेरावस्थेतच थायमस काढलेला बेडूक त्वचेचे कलम सहसा झिडकारत नाही.'  भैकेराला 'टॅडपोल' लिहिणाऱ्यांबद्दल वेगळे बोलू.