गोधडीतली सुई शोधणारा फोन

आईंना पहिलाच स्मार्टफोन घेतलाय, सुट्टीत नऊ वर्षांची भाची येणार आहे, दोघींना रमवतील आणि जमलं तर कामालाही येतील अशी साधी ॲप सांगा, जाहिराती मात्र नकोत, असं तुम्ही विचारलंय. माझा अनुभव सांगतो.

मी ॲप सतत टाकतो आणि काढतो. टिकतात ती बहुतेक फोनमधल्या सेन्सरशी खेळणारीच. 2008 मध्ये आयफोनवर आयबिअर नावाचं ॲप आलं होतं. फोन तिरका केला की पडद्यावरची बिअर हिंदकळायची, तोंडाला लावला की संपायची. लोकांनी त्याला पैसे मोजले! मागे होता फक्त ॲक्सेलरोमीटर, म्हणजे फोन किती कललाय ते सांगणारी चिप. तीच चिप आता माझ्याकडे पाणसळीचं काम करते. भिंतीवरची फ्रेम वाकडी आहे की माझी नजर, हा घरातला जुना वाद तिने मिटवला.

तुमच्यासाठी पहिलं नाव फायफॉक्स. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठात बनलेलं, फुकट, जाहिराती नाहीत. फोनमधला प्रत्येक सेन्सर काय मोजतोय ते थेट दाखवतं. आमच्याकडे त्याचा सगळ्यात भारी उपयोग झाला तो गोधडी शिवताना. आईची सुई गोधडीत हरवली, आणि घरात रांगणारं पोर. फायफॉक्समधलं मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणारा सेन्सर, उघडलं. पृथ्वीचंच चुंबकीय क्षेत्र असल्यामुळे आकडा आधीपासून 40 मायक्रोटेस्लाच्या (हे त्या क्षेत्राचं माप) आसपास होता. फोनचं वरचं टोक गोधडीला जवळजवळ टेकवून सावकाश फिरवत गेलो. एका कोपऱ्यात आकडा 60 वर उडाला. दोन टाके उसवले, सुई तिथेच. आई म्हणाली, "एवढ्या महागाच्या फोनाचं आज पहिल्यांदा सार्थक झालं."

‘मेटल डिटेक्टर’ नावाची ॲप हेच करतात, वर जाहिराती दाखवतात. सोनं, चांदी, तांबं यातलं काही त्यांना कळत नाही, लोखंड-पोलादच कळतं. तेव्हा परसातलं गुप्तधन विसरा. आणि काही स्वस्त फोनमध्ये हा सेन्सरच नसतो. होकायंत्र चालत नसेल तर तेच कारण.

भाचीसाठी फायफॉक्समध्येच आवाजावर चालणारं स्टॉपवॉच आहे. पहिल्या आवाजाला सुरू होतं, दुसऱ्याला थांबतं. दोन फोन पाच मीटरवर ठेवा, एकापाशी तुम्ही, दुसऱ्यापाशी ती. आधी तुम्ही टाळी वाजवा, मग तिने वाजवायची. दोन्ही फोनवरच्या वेळांत साधारण 0.03 सेकंदाचा फरक दिसेल. आवाजाला जायला-यायला मिळून दहा मीटर लागतात, तो हा वेळ. दहाला त्या फरकाने भागलं की आवाजाचा वेग, सेकंदाला 340 मीटरच्या आसपास. पंखा बंद ठेवा, कुकरची शिट्टी होऊन जाऊ द्या. आमचा पहिला प्रयत्न शिट्टीनेच घालवला.

आईंना मर्लिन द्या. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं आहे. पक्ष्याचा आवाज ऐकून नाव सांगतं. भारताचा पॅक वायफायवर एकदाच उतरवून घ्या, मग नेट नसलं तरी चालतं. सकाळी गॅलरीत फोन धरला की तांबट, दयाळ, बुलबुल अशी नावं एकेक उजळत जातात. कधीकधी चुकतं, म्हणून पक्षी डोळ्यांनी दिसेपर्यंत यादीत धरू नका.

कोड्यांसाठी सायमन टॅथमचा संच. चाळीसेक कोडी, त्यातलं ‘सोलो’ म्हणजे आपलं सुडोकू. रूप अगदीच रुक्ष, पण ना जाहिरात, ना नेट. रेल्वेने जायचं असेल तर व्हेअर इज माय ट्रेन. मोबाइल टॉवरवरून गाडी कुठे आहे ते सांगतं, त्यामुळे घाटात नेट गेलं तरी उपयोगी पडतं.

आता काय टाकू नये. डास पळवणारी ॲप: त्या आवाजाने डास ढिम्म हलत नाहीत. बोट टेकवून बीपी किंवा ताप सांगणारी: निव्वळ करमणूक, आईंच्या फोनवर तर मुळीच नको. वेगळं टॉर्च ॲप: टॉर्च फोनमध्ये असतोच. 2013 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशाच एका टॉर्च ॲपला धरलं होतं, ते माणूस कुठे आहे ही माहिती गुपचूप जाहिरातवाल्यांना पाठवत होतं.

नवीन ॲप टाकलं की मी आधी फोन फ्लाइट मोडवर टाकून ते उघडतो. पाणसळ किंवा कोडं नेटशिवाय उघडत नसेल तर लगेच काढतो. मग परवानग्या बघतो. मर्लिनने माइक मागितला तर ठीक, सुडोकूने मागितला तर का? आईंच्या फोनवर हे पहिल्या दिवशी तुम्हीच करा, आणि प्ले स्टोअरला पासवर्ड लावा. भाची हुशार असणारच.