‘बाहेर कुणाला कळता कामा नये’

‘मेंदूत गाठ निघाली आहे, ऑपरेशन ठरले आहे, पण बाहेर कुणाला कळता कामा नये.’ समुपदेशक म्हणून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते पूर्ण होण्याआधीच ओळखू येते. लोक काय म्हणतील, मुलीच्या लग्नात अडचण येईल का, डोक्याचे ऑपरेशन म्हणजे वेड लागले असा समज होईल का, अशी कारणे घरोघरी वेगळी असतात. निर्णय मात्र तोच असतो. अशा घरांसाठी एका ताईंची हकिगत, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, सांगते.

ताई डोंबिवलीतल्या एका जुन्या चार मजली इमारतीत राहतात आणि ब्लाउज शिवतात. वय ५४. एका दुपारी हुक लावता लावता उजव्या हाताच्या बोटांना झटके येऊ लागले आणि सुई गळून पडली. एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला मेनिन्जिओमा दिसला. ही गाठ मेंदूभोवतीच्या आवरणातून वाढते, सहसा संथपणे वाढते आणि बहुतेक रुग्णांमध्ये कर्करोगाची नसते. तरीही ती मेंदूवर दाब आणते, आणि तिचे नेमके स्वरूप ती काढून तपासल्यावरच कळते. हे सारे डॉक्टरांनी नीट समजावले होते. ताईंनी ते फक्त यजमान आणि मुलगा यांनाच कळू दिले आणि इमारतीत ‘मानेचा त्रास आहे’ असे सांगितले.

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करते. प्रसंगापेक्षा त्याविषयीचा आपला हट्ट आपल्याला अधिक छळतो, ही माझी अनेक वर्षांच्या कामातून पक्की झालेली धारणा आहे, आणि मराठीत तो हट्ट बहुधा ‘असे व्हायलाच हवे’, ‘असे होताच कामा नये’ यांतल्या एका ‘च’मध्ये लपलेला असतो. पहिल्या दोन भेटींत मी तो ‘च’ मरणाच्या भीतीत शोधत राहिले आणि तो तिथे नव्हता. तिसऱ्या भेटीत मी सरळच विचारले, “ताई, भीती नेमकी कशाची वाटते?”

“मरणाची नाही हो. पण मी आजवर कुणाकडून काही घेतलेलं नाही. लोकांनी माझ्या घरी डबे आणायचे, माझी वेणी घालायची, हे व्हायलाच नको.”

“तुमच्या इमारतीत कुणाकडे माणूस गेलं, तर पहिल्या दिवशी पिठलं-भात कोण नेतं?”

“मीच. लग्न होऊन आले तेव्हापासून.”

“मग तो डबा घेणारं घर तुम्हाला कमी वाटतं का?”

त्या गप्प झाल्या. पदराच्या काठावरून त्यांची बोटे पुढे-मागे फिरत होती, जणू टाके तपासावेत तशी. मी बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने शांत राहणे फार आवश्यक असते, आणि ते शिकायला मला बरीच वर्षे लागली. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “एकदा एका घराने माझा डबा दारातूनच परत पाठवला होता. मला फार लागलं होतं ते.” आणि मग अगदी हळू आवाजात, “म्हणजे आता मी अख्ख्या इमारतीचे डबे परत पाठवतेय.”

हे वाक्य मी त्यांना शिकवलेले नव्हते. मदत नाकारण्याला आपण स्वाभिमान म्हणतो, परंतु देण्याचा आनंद केवळ स्वतःकडे ठेवून दुसऱ्याला तो न देणे असाही त्याचा अर्थ होतो, हे मला त्या दिवशी जितके स्पष्ट दिसले तितके पूर्वी कधी दिसले नव्हते.

पुढच्या भेटीला त्या मापांची वही घेऊन आल्या. मागच्या पानांवर बाही-कंबरेच्या रकान्यांत शेजाऱ्यांची नावे होती, कारण ‘ज्याचं जसं माप, तसं काम’. बँकेतून निवृत्त झालेल्या काकांकडे कागदपत्रे, कॉलेजातल्या मुलाकडे रक्तदाते, भाचीकडे सर्वांना निरोप देण्याचे काम. फार बोलणाऱ्या एका काकूंकडे तुळशीला पाणी घालणे होते. दवाखान्यातले काम त्यांच्याकडे मुळीच नव्हते.

ही वही मी आता प्रत्येक कुटुंबाला सुचवते. सर्वांना सर्व सांगणे आवश्यक नाही. चार-पाच माणसे निवडावीत आणि ‘काही लागलं तर सांगा’ म्हणणाऱ्याला त्याच क्षणी एक नेमके काम द्यावे. फोन एकाच व्यक्तीने घ्यावेत. पैशांची चिंता असल्यास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी दाखल होण्यापूर्वीच करावी. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखीव असतात, तेथील समाजसेवकांना अवश्य भेटावे. आणि शेजाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की पहिल्या दोन दिवसांत सर्वांनी एकदम गर्दी करू नये. खरी गरज तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात असते, जेव्हा टाके निघालेले असतात, चौकशीचे फोन थांबलेले असतात आणि रुग्णाला मात्र अंघोळ केल्यानेही थकवा येतो. सूज कमी करण्यासाठी दिलेल्या स्टेरॉइडमुळे झोप उडते, भूक वाढते, चिडचिड होते. तो स्वभाव बिघडला असे समजू नये. झटक्यांची गोळी डॉक्टरांना न विचारता कधीही बंद करू नये.

शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी ताईंची वेणी घातली. सगळे केस जातील या धास्तीने ताई आठवडाभर आरशापुढे उभ्या राहिल्या नव्हत्या. प्रत्यक्षात डॉक्टरांनी छेदाच्या रेषेपुरतीच केसांची पट्टी काढली. दोन दिवस उजवा हात जड होता, डावा डोळा सुजून मिटला होता, आणि असे होऊ शकते हे आधी सांगितलेले असल्याने घरात कुणी घाबरले नाही. अहवालात गाठ पहिल्या श्रेणीची, म्हणजे कर्करोगाची नसलेली, निघाली. ठरावीक काळाने एमआरआय मात्र करत राहावा लागणार आहे.

दीड महिन्याने त्या भेटायला आल्या तेव्हा वही सोबत होती. डब्यांच्या पानावर रोज एक नाव, त्याखाली बरोबरची खूण. सहाव्या आठवड्यातल्या मंगळवारपुढे थोड्या वाकड्या, पण त्यांच्याच अक्षरात लिहिले होते, ‘आज कुणी नको. भाजी मी करते.’